काटा लालवर

आमच्या पिकअपचा टेंपरेचरचा काटा उन्हाळ्यापासून बिघडला होता. गाडी चालू असताना मनात आलं की तो सरळ लालवर जायचा आणि थोड्या वेळानं आपोआप खाली यायचा. मुरगूडच्या मेस्त्रीनं आधी सेन्सर बदलला, मग थर्मोस्टॅट. दोन्ही वेळा काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. पाणी कमी होत नाही, वाफ येत नाही, मग मी बघू तरी काय, असं तो म्हणायचा. त्याचंही खरं होतं. पण शेजारच्या गावातल्या एकानं असाच काटा खोटा समजून गाडी रेटली होती आणि त्याचं इंजिन जाम झालं होतं. म्हणून काटा चढला की मी गाडी बाजूला घ्यायचो.

पाऊस ओसरल्यावर एका दुपारी आमची म्हैस विताना अडली. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी हात घालून पाहिलं. गर्भाच्या पिशवीला पीळ बसला होता. तिला आडवी पाडून, लोळवून त्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, पण सुटला नाही. ऑपरेशन लागेल, लगेच कोल्हापूरला न्या, म्हणाले. गल्लीतल्या लोकांनी म्हैस गाडीत चढवली. बायको मागं हौद्यातच तिच्याजवळ उभी राहिली.

कागलच्या अलीकडं गाडी खड्ड्यातून उसळली आणि काटा लालवर गेला. मी वाट बघितली. तो खाली येईना. गाडी थांबवून बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, करपल्याचा वास नव्हता. पाण्याच्या पाइपाला हात लावला तर चटका बसला, पण चालत्या गाडीचा पाइप तापणारच. मेस्त्रीला फोन केला. न बघता चालव म्हणून कसं सांगू, थंड होऊ दे, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या गाडीसाठी ओळखीच्यांना फोन लावले. रिकामी गाडी कुणाकडंच नव्हती.

"अवो, जायचं का न्हाय?" बायकोनं वरून विचारलं.

"इंजिन बसलं तर इथंच अडकू."

"हिनं कळा द्यायचं सोडलंय."

मी हौद्यावर चढून पाहिलं. म्हैस मान टाकून पडली होती. तिच्याकडं बघू की इंजिनाकडं, मला काही सुचेना. खाली उतरून मी पाइपाला पुन्हा पुन्हा हात लावत राहिलो.

बऱ्याच वेळानं पाइप हाताला गार लागला. किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच काटा टुणकन लालवर जाऊन बसला. गार इंजिनावर एवढी गरमी कुठून येणार? तेव्हा कुठं खात्री पटली, की काटाच खोटा आहे. मग कोल्हापूरपर्यंत मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

ऑपरेशन झालं. म्हैस वाचली. रेडकू मेलेलंच निघालं.

"लवकर आणली असती तर?" मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

ते हात धूत होते. "सांगता येत नाही," म्हणाले. "कदाचित निघतानाच गेलेलं असेल."

मला हो किंवा नाही, काहीतरी एक हवं होतं.

पुढं गाडी कसबा बावड्यातल्या एका वायरमनकडं नेली. त्यानं वायर सेन्सरपासून सोडवून ठेवली. आता काटा खाली यायला हवा होता, तरीही तो लालवरच राहिला. म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला चिकटतीय, असं म्हणून तो ती चाचपत गेला. बॅटरीच्या खाली तिचं कव्हर घासून गेलं होतं आणि आतली तार पत्र्याला लागत होती. म्हणून धक्का बसला की काटा चढायचा. त्यानं तो तुकडा बदलला, वायर पत्र्यापासून लांब बांधली. हे रस्त्यावर मला कळलं असतं का, असं मी त्याला विचारलं. सगळी हकिकतही सांगितली.

"आता घावलं म्हणून सोपं वाटतंय, पावणं. मलाबी तिथं सुचलं नसतं."

काटा आता मध्यावर असतो. म्हैस मात्र रेडकाशिवाय पान्हा सोडत नव्हती. बायको संध्याकाळी तिच्या पुढ्यात पेंड ठेवायची, कासेला गरम पाण्यानं शेकायची आणि तिच्या अंगाला टेकून बसायची. मी बादली धरून दारात उभा राहायचो. कधी थोडं दूध यायचं, कधी यायचं नाही.