शिक्का न पाहता तोडलेलं झाड

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. आता वय एक्क्याऐंशी. त्या दिवशी सोबत असलेला माझा मित्र नामदेवही गेला... म्हणून लिहितो.

१९६१ची दिवाळीची सुट्टी. मी दिग्रसला मास्तर होतो. नामदेव आणि मी सायकलींवर निघालो – आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, आणि पुढे डोंगरातून मुकुटबन. तिसऱ्या दिवशी दुपारी एका चढावर सायकली हातात धरून चालत होतो. दोन्हीकडे तोडून नेलेल्या सागवानाची नुसती खुंटं.

ती जागा माझ्या ओळखीची होती. मास्तरकीआधी एक हंगाम मी तिथे लाकडाच्या ठेकेदाराकडे मुन्शी होतो. नामदेवला हे कधी सांगितलं नव्हतं.

तोडायच्या झाडाच्या बुडाशी जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का असायचा. गवत सारून तो आधी पाहायचा, मगच कुऱ्हाड. भीमा नावाचा कोलाम आदिवासी लाकूडतोड्या यात कधी चुकला नाही. एक दिवस गाड्या भरायची घाई होती.

"शिक्का पाहू द्या ना, मुन्शीजी."

"पाह्यला मी. मार तू!"

मी पाहिला नव्हता. शिक्का नव्हताच. तपासणीला साहेब आले तेव्हा मी म्हणालो, "याले कोनं सांगतलं, मले मालूम नाही." भीमाने माझ्याकडे पाहिलं. त्याला धरून नेलं, तुरुंग झाला.

तर त्या चढावर कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायला लागले. नामदेव हसला, "खुंटं तोडून राह्यले का बे इथं?"

तेवढ्यात अगदी जवळून हाक आली – "हटा, मुन्शीजी, हटा!"

सायकली टाकून आम्ही दोघेही पळालो. मागे झाड कडाडून कोसळलं. अंगावर वारा आला, धूळ आली. वळून पाहिलं... रस्ता मोकळा. माझ्या सायकलचं पुढचं चाक वाकलेलं. पडल्यानेही वाकलं असेल.

"तुले मुन्शी कोन म्हन्ते बे?" नामदेवने विचारलं. मी वाकून चाक पाहू लागलो.

हाक भीमाच्या आवाजातली होती. मला वाटलं, तो मेला असणार. चाक ठोकायला खालच्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, उतरलो, तर तो अंगणात बांबूची टोपली विणत बसलेला. जिवंत.

"आज तोडीवर गेलता का हा?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"कायची तोड, बाप्पा! जेलातून आल्यापासून कुऱ्हाडीले हात नाही लावला यायनं. सकाळपासून इथंच बसून हायेत."

नामदेव दूर चाक ठोकत होता. झाडाबद्दल आम्ही तिथे अवाक्षर काढलं नव्हतं. भीमाने मला पाण्याचा तांब्या दिला आणि हळूच म्हणाला, "झाड तुमच्या अंगावर येऊन राह्यलं होतं... लागलं त नाही ना?"

त्याला कसं कळलं, मला आजही सांगता येत नाही.

मी "नाही" म्हणालो. पाणी प्यालो. 'भीमा, मीच सांगतलं होतं तुले. खोटं मी बोललो. माफ कर मले.' एवढंच बोलायचं होतं. तो वाट पाहत असल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, "येतो."