फराईचा सहावा बॉल

शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या क्रिकेट टीममध्ये अकरा जण होते आणि त्यातल्या नऊ जणांना पळता येत नव्हतं. हे मी चेष्टेनं सांगत नाही. पाच वर्षं त्यांचा स्कोअर मी लिहिला आहे. आठवडाभर कंप्युटरसमोर बसायचं आणि रविवारी भरपेट पोहे खाऊन एकदम खेळाडू व्हायचं, असा सगळा कारभार. कॅप्टन माझा नवरा, शशिकांत. मी नागपुरात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत होते, पण इथे माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून मी वही घेऊन मैदानावर बसू लागले. माझे वडील सोलापूरला जिल्हा सामन्यांचे स्कोअरर होते, त्यामुळे काम ठाऊक होतं. एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, हा त्यांचा नियम मीही पाळला. शशिकांत एकदा एकोणपन्नासवर आउट झाला, तेव्हा बाहेर येताना त्यानं माझ्याकडे फार आशेनं पाहिलं होतं. मी एकोणपन्नासच लिहिले.

फराईला २००५ च्या मे महिन्यात बुद्धभूषण घेऊन आला. बुद्धभूषण आमचा विकेटकीपर. एका वृद्धाश्रमात तो फिजिओथेरपिस्ट होता आणि फराई तिथेच म्हाताऱ्यांना उचलायचं, अंघोळ घालायचं काम करायचा. उंच, शांत माणूस, पंचविशीचा. सगळे मला वहिनी म्हणतात हे ऐकून त्यानंही पहिल्याच दिवशी वहिनी म्हणायला सुरुवात केली. पिचवर अंथरलेल्या मॅटिंगच्या टोकापासून एकोणीस पावलं मोजून त्यानं बुटानं खूण केली, तेव्हा आमचे लोक गालात हसत होते. पहिला बॉल पडला आणि स्लिपमधला अनीश, कोणी न सांगता, पाच पावलं मागे जाऊन उभा राहिला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

तो झिंबाब्वेचा, बुलावायोचा. एकोणिसाव्या वर्षी तिथल्या राखीव संघात होता. २००३ मध्ये त्याला सांगितलं होतं की पुढच्या दौऱ्यावर तुझं नाव नक्की. पण पुढच्याच वर्षी तिथल्या क्रिकेटचा पार विचका झाला, मोठे खेळाडू सोडून गेले, आणि त्याच सुमारास फराईच्या वडिलांना मारहाण झाली. वडील शाळामास्तर, विरोधी पक्षाचं काम करायचे. घरच्यांनी फराईला अमेरिकेत मावशीकडे पाठवलं आणि त्यानं इथे आश्रय मागितला. अर्ज पडूनच होता. त्याला रुडो नावाची मुलगी होती. तिची आई बाळंतपणानंतर वर्षाच्या आत गेली. तीन वर्षांच्या रुडोला आजीपाशी ठेवून तो आला होता. अर्ज मंजूर झाला की तिला इथे आणता येणार होतं, आणि नामंजूर झाला तर काय, हे आम्ही त्याला कधी विचारलं नाही.

मला त्याच्या बॉलिंगचं वेड लागलं होतं, हे सरळ कबूल करते. तो धावत यायला लागला की मी वही विसरून बघत राहायचे. आणि लगेच संताप यायचा. समोर कोण, तर शेजारच्या नेपरव्हिलचे ढेरपोटे अकाउंटंट. डास मारायला तोफ आणलेली. तोही बिचारा निम्म्या वेगानं टाकायचा, कोणाला लागू नये म्हणून. स्वतःबद्दल कधी बोलायचा नाही. फार खोदून विचारलं तर म्हणायचा, लोक म्हणायचे मी फास्ट आहे. टीव्हीवर दिसेल अशी मॅच तो एकही खेळला नव्हता, त्यामुळे त्याचा वेग कधी कोणी मोजलाच नव्हता.

२००७ च्या जुलैमध्ये त्याच्या जुन्या कोचची मेल आली. तिकडे बॉलरची वानवा होती. सप्टेंबरच्या शिबिरात एक जागा आहे, वेग अजून ताशी पंच्याऐंशी मैलांच्या वर असेल तर कोणातरी स्कोअररच्या सहीनं लिहून पाठव, तिकीट मी बघतो, असा मजकूर. फराईनं ती बुद्धभूषणला दाखवली आणि बुद्धभूषणनं गावभर केली. मग आमच्या इंजिनिअरांच्या अंगात आलं. मोजायचं म्हटल्यावर ही माणसं कधी मागे हटत नाहीत. अनीशनं शेजारच्या बेसबॉल कोचकडून स्पीडगन मागून आणली, शशिकांतनं व्हिडिओ कॅमेरा लावला, आणि पुढच्या रविवारी सगळे फराईचं नशीब उघडायला मैदानावर हजर. त्याला स्वतःला जायचं आहे का, हे विचारायचं मात्र आम्हा सगळ्यांच्या डोक्यातून गेलं.

यष्ट्यांच्या मागे, बेसबॉलच्या जाळीआड मी गन धरून बसले. सहा बॉल टाकायचे ठरले होते. पहिला अठ्ठ्याहत्तर. दुसरा ऐंशी. मग एकोणऐंशी, मग एक्याऐंशी, मग पुन्हा एकोणऐंशी. मी आकडे ओरडून सांगत होते आणि माझाच आवाज बारीक होत चालला होता. वृद्धाश्रमात माणसं उचलून उचलून खांदा गेला असणार, असं बुद्धभूषण पुटपुटला. फराई मात्र शांत होता, जरा जास्तच शांत. सहाव्या बॉलला तो खुणेशी जाऊन थांबला. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग वळला आणि धावत आला.

मधला स्टंप उखडून जाळीपाशी पडला. गनवर आकडा होता शहाऐंशी.

आमच्या टीमनं एवढा आरडाओरडा वर्ल्डकपलाही केला नसेल. शशिकांतनं त्याला उचलायचा प्रयत्न करून स्वतःची कंबर धरली. मी कागदावर सहाही आकडे लिहिले, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद फराईच्या हातात दिला. माझे डोळे भरून आले होते. त्यानं घडी करून तो खिशात ठेवला आणि ड्यूटी आहे म्हणून लवकर निघून गेला.

सप्टेंबर आला. शिबिरातली जागा भरली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. सगळे चुकचुकले, तिकडच्या कारभाराला शिव्या घालून झाल्या, विषय संपला. सीझनच्या शेवटच्या मॅचनंतर पोरं मॅटिंग गुंडाळत होती तेव्हा तो माझ्या टेबलापाशी आला आणि घडी केलेला कागद त्यानं समोर ठेवला. तोच कागद. त्यानं तो पाठवलाच नव्हता.

मी भडकले. इतकं वाट्टेल ते बोलले की आता आठवून लाज वाटते. देवानं दिलेलं हातानं मातीत घालतोस, आमची फजिती केलीस, असं काहीबाही. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं की मेल आली त्याच आठवड्यात तो शिकागोला वकीलबाईंना भेटून आला होता. त्या म्हणाल्या होत्या, ज्या देशाच्या भीतीनं आश्रय मागितलास, त्याच देशाची टोपी घालून खेळायला गेलास तर भीती कुठे राहिली? विमानात बसलास की केस संपली. आणि केस संपली की रुडोचं येणंही संपलं.

“म्हणजे तुला आधीच माहीत होतं,” मी म्हणाले. “मग बॉल टाकलेस कशाला?”

“पंच्याऐंशीच्या खाली राहावेत म्हणून,” तो म्हणाला. “पाच बॉल मी धरून टाकले, वहिनी. मुद्दाम. एक्याऐंशीवर राहिलो असतो तर कागद त्याच दिवशी पाठवला असता. ते नाही म्हणाले असते, आणि मला झोप लागली असती.”

“आणि सहावा?”

त्यानं खांद्याला हात लावला. “सहाव्याला नाही राहवलं.”

मला एवढंच वाटलं की हा माणूस एकदा, फक्त एकदा, भरल्या मैदानात धावत यायला हवा होता, आणि ते आता कधीच होणार नव्हतं. हे मला इतकं लागलं की मी त्याच्याकडे बघूही शकले नाही. त्यानं बोटानं तो कागद माझ्याकडे सरकवला. शहाऐंशीचे शहात्तर कर, म्हणाला. पेन तुझंच आहे, सही तुझीच आहे, एक आकडा बदल. मला घरी ठेवायला तसा कागद हवा.

मी पेन उचललं. खरंच उचललं. वडिलांचा नियम त्या क्षणी मी मोडलाही असता. पण तो खरोखर काय होता हे जगात एवढ्या एकाच कागदावर लिहिलेलं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि मान हलवली.

“मग निदान वाईड होता असं लिही, मोजू नकोस,” तो म्हणाला.

“वाईड नव्हता, फराई.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला.