कल्याणरावांनी सांगितलेला मूकपट

कल्याणराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जाफराबादच्या बसस्थानकावर माईकवरून गाड्या सांगणारा आवाज त्यांचा. मागच्या स्थानकावरून गाडी सुटल्याची खात्री झाल्याशिवाय ते ‘येत आहे’ म्हणत नसत. लोक खिडकीशी येऊन भांडत, तरी ‘नक्की माहीत नाही’ हेच उत्तर. निवृत्तीनंतर ते टेंभुर्णीला राहायला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत वह्या-पेनांचं दुकान टाकलं.

त्यांची सून साधना गावातल्या शाळेत शिकवते. दोनेक वर्षांपूर्वी तिने शाळेत एक जुना विदेशी मूकपट दाखवायचं ठरवलं. गाजलेल्या कादंबरीवरचा विनोदी सिनेमा. आधुनिक काळातल्या एका माणसाच्या डोक्याला मार लागतो आणि तो शुद्धीवर येतो ते शेकडो वर्षांपूर्वीच्या राजाच्या दरबारात. पडद्यावर अधूनमधून इंग्रजी पाट्या येत. साधनाने त्यांचं मराठी करून दिलं आणि ते माईकवर वाचायला सासऱ्यांना बसवलं.

पोरांबरोबर आईबापही आले होते. लोखंडी कपड्यातले सरदार घोड्यावरून पडले, तेव्हा सगळे पोट धरून हसले. मग नायकाला जाळण्यासाठी खांबाला बांधलं, आणि पुढच्याच क्षणाला तो राजाशेजारी बसून जेवताना दिसला. सिनेमाची मधली रिळं फार पूर्वीच हरवलेली होती. हे आधी सांगायचं साधना विसरली. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या एका पोराच्या आजोबांनी, रखमाजींनी, विचारलं, हा सुटला कसा?

“मधला भाग हरवलेला हाय,” कल्याणराव माईकवर म्हणाले. “कसा सुटला ते मला माहीत न्हाई.”

“मंग सांगा की काहीतरी जुळवून.”

“जुळवून न्हाई सांगता येत.”

सिनेमा पुढे चालू राहिला, पण हसणं पहिल्यासारखं राहिलं नाही. घरी आल्यावर साधना म्हणाली की एवढंसं जुळवलं असतं तर काही बिघडलं नसतं. कल्याणरावांच्या बायको वंदनाबाई सुनेला म्हणाल्या, की हा माणूस लग्नाच्या बोलणीतसुद्धा स्वतःचा पगार होता तेवढाच सांगून बसला होता.

कल्याणरावांनी मात्र सुनेकडे ती कादंबरी मागितली. तिने जालन्याच्या वाचनालयातून मराठी अनुवाद आणून दिला. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं राही आणि हे वाचत बसत. नायक कसा सुटला ते सापडलं. ग्रहण कधी लागणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने सूर्य झाकून टाकायची धमकी दिली. कल्याणरावांना बरं वाटलं. मग शेवट आला. त्याच हुशार माणसाच्या यंत्रांनी हजारो लोक मेले होते. त्या दुपारी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

“साधना, ह्याचा हसायचा सिनेमा कसा काय केला?”

“लोकांना हसत घरी पाठवायचं असंल, मामा.”

पुढे राजूरच्या एका शाळेने हाच सिनेमा दाखवायला दोघांना बोलावलं. हरवलेल्या जागी कल्याणरावांनी ग्रहणाचं सांगितलं, आणि हे पुस्तकातलं आहे, सिनेमात काय होतं ते माहीत नाही, असंही सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा गोडीगुलाबीत संपला. तेव्हा नववीतली महजबीन उभी राहिली आणि पुस्तकाचा शेवटही असाच आहे का, असं तिने विचारलं.

साधनाने सासऱ्यांकडे पाहिलं. मुख्याध्यापक आभार मानायला उठलेच होते.

“न्हाई बाई,” कल्याणराव म्हणाले, “असा न्हाई.” मग त्यांनी चार-पाच वाक्यांत शेवट सांगितला. विजेच्या तारांना चिकटून मेलेले लोक, आणि त्या प्रेतांच्या मधे अडकून पडलेला तो माणूस. मुख्याध्यापकांनी घाईघाईने शाल-नारळ दिला.

परतताना जीपमध्ये साधना म्हणाली, “सर नाराज झाले.”

“तिनं इचारलं व्हतं.”

साधनाने शाल-नारळ पिशवीत भरला. “हो. इचारलं व्हतं.”

त्या शाळेने पुन्हा बोलावलं नाही. आता कुठून बोलावणं आलं की साधना आधीच सांगते, कोणी पुस्तकाचा शेवट विचारला तर मामा सांगतील. काही जण मग दुसरा सिनेमा लावतात, काहींना चालतं. कल्याणरावांची तक्रार नाही. ते आता दुसऱ्या कादंबऱ्या वाचतात आणि दुकानाच्या गल्ल्यावर बहुतेक वेळा वंदनाबाईच असतात.