खिडकीची कडी

माझ्या मामाला सगळे ‘उद्यामिस्त्री’ म्हणत. नाव मामीनंच पाडलेलं. दुसऱ्यांची दारं-खिडक्या ठरल्या दिवशी बसवणारा हा सुतार घरच्या कामाला मात्र कायम “उद्या करतो” म्हणायचा. स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीची कडी तुटली, त्याला नऊ वर्षं झाली होती. मामानं ती खिडकी सुतळीनं खिळ्याला बांधून टाकली, तीही अशा झोकदार गाठीनं की मामी म्हणायची, “एवढ्या वेळात दोन कड्या बसल्या असत्या!” दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मामी गेल्या वर्षी गेली. मागे तिची बाग राहिली आणि बियांच्या पुड्या राहिल्या. हंगाम संपला की ती बिया काढायची, पाठकोऱ्या कागदात बांधायची आणि वर मामाच्याच सुतारी पेन्सिलीनं लिहायची : ‘घेवडा, कुंपणाकडचा’, ‘टोमॅटो, गोड’, ‘झिनिया, फक्त लाल’. शेवटच्या वीस-बावीस पुड्या तिनं आजारपणात अंथरुणावर बसून बांधल्या. अक्षर पार कललेलं. ज्या माणसानं जन्मात कधी झाडाला तांब्याभर पाणी घातलं नाही, त्यानं त्या पुड्या पेरायच्या म्हणून दोन महिने माझं डोकं खाल्लं होतं.

पेरण्याआधी मामी बियांना ऊन दाखवायची, एवढं त्याच्या लक्षात होतं. म्हणून लेकीकडे चार दिवस दरवाजे बसवायला जाताना त्यानं सगळ्या पुड्या ताटात मांडल्या आणि ताट ठेवलं त्याच खिडकीत. घरात ऊन तिथेच यायचं.

तिसऱ्या दिवशी वादळ झालं. चौथ्या दिवशी मी त्याला आणायला बस स्टँडवर गेले. मी छपराचं बोलत होते आणि तो एकच विचारत होता, “सुतळी टिकली असेल ना गं?”

फाटक रस्त्यात पडलं होतं. लिंबाचं झाड मुळासकट आडवं, वेलींचा मांडव शेजाऱ्यांच्या भिंतीवर, छपराचे चार पत्रे बेपत्ता. मामानं कशाकडेही बघितलं नाही. पायातल्या चपलांसकट तो थेट स्वयंपाकघरात गेला.

खिडकी निखळून मोरीत पडली होती. सुतळीची गाठ शाबूत होती. खिळाच उपटून आला होता. ताट टेबलाखाली पालथं, जमिनीवर चिखल, आणि चिखलात कागद चिकटलेले. मामा गुडघ्यांवर बसून एकेक कागद सोडवू लागला. पेन्सिल पाण्यानं पुसली जात नाही. ‘झिनिया, फक्त लाल’ लख्ख वाचता येत होतं. कागदात काही नव्हतं.

“चिखलात सापडतील मामा, काही उगवतीलही,” मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

“तिनं बांधून दिलं होतं गं सगळं,” तो म्हणाला. “मला फक्त सांभाळायचं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रेवाल्याला घेऊन गेले, तर मामा खिडकी पुन्हा चौकटीत बसवून कडीचे स्क्रू पिळत होता. पितळी, कोरी कडी. शेजारी तिचं पाकीट पडलं होतं, पिवळं पडून तुकडे झालेलं.

“ही कधी आणलीस?”

“जुनी तुटली, त्याच आठवड्यात. पेटीत होती.” त्यानं वर बघितलं नाही. “तुझी मामी आता काय म्हणाली असती, सांग.”

“बैल गेला अन् झोपा केला.”

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. बाहीनं नाक पुसून त्यानं शेवटचा स्क्रू घट्ट केला. खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली. डोक्यावर पत्रा नव्हता, वरून सगळं ऊन आत येत होतं.

“बसली गं,” तो म्हणाला. मी त्याच्या मागे उभी होते, पण ते मला सांगितलेलं नव्हतं.