गुळातली कोंबडी

चंद्राबाईंना कुणी मास्तरीण म्हटलं की त्या म्हणायच्या, "मास्तरीण कसली? पोरं वळते मी."

त्या मूळच्या सारोळ्याच्या. चौथी शिकलेल्या. लग्नाच्या वर्षातच नवरा गेला, म्हणून पासलीच्या वरच्या अंगाला एका वाडीत भावाकडं आल्या. अशा बाईनं चूल धरावी, असं सगळ्यांचं मत. यांनी पाटी धरली. देवळाच्या ओवरीत बारकी पोरं गोळा करून बिगरी सुरू केली. पगार नाही, फळा नाही. भोरच्या दरबाराला ती वाडी फक्त सारा गोळा करताना आठवायची. हे मी भोरात भर चौकात बोललोय आणि पुन्हा बोलेन.

ओवरी दिली आनंदराव पाटलांनी, पण अट घालून. "बाई, देवाची जागा हाय. एक तक्रार आली की पोरं उचलायची अन् चालू पडायचं." वाडीत दुसरं मोकळं छप्पर नव्हतं. ओवरी गेली की बिगरी गेली.

मी तेव्हा शाळांसाठी गावोगाव भांडत हिंडायचो. वैशाखात वाडीवर पोचलो तर ओवरीत चारच पोरं. बाकीची करवंदांच्या जाळीत. माझं डोकं सणकलं. "आईबापांना खडसावून येतो," म्हटलं.

"बसा हो दादा," चंद्राबाई म्हणाल्या. "पोरं करवंदं सोडून येत न्हाईत, तर करवंदांनाच शाळेत घालू."

दुसऱ्या दिवशी झाडून सगळी पोरं हजर, हातात करवंदांचे द्रोण. ओवरीसमोर अंगणात तीन दगडांची चूल. करवंदं धुतली आणि पोरं ती फोडून बिया काढायला बसली. आता करवंद फोडायचं म्हणजे आधी ओळखायचं, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आमच्या डोंगरात हे पोरांना चालायच्या आधी येतं. चंद्राबाईंनी त्यातच गणित घुसडलं. "कोंबडे किती? कोंबड्या किती? मिळून किती?" एरवी बेरीज म्हटली की पोट दुखणारी पोरं ओरडून ओरडून आकडे सांगत होती.

मग कल्हईच्या पातेल्यात करवंदं, वर गूळ, चिमूटभर मीठ. प्रत्येकानं पाळीपाळीनं ढवळायचं. ढवळताना प्रत्येकाची जीभ बाहेर. पातेलं एक, पळी एक. कोण कुणाच्या घरचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो.

गेनू नावाचं पोरगं घरी गेलं. तिथं त्याची आजी, ठकुबाई, सकाळपासून आपली कवडी, ठिपक्याठिपक्यांची कोंबडी शोधून शोधून तापलेली. नातवाचे हात लाल, तोंड लाल.

"कुठं व्हतास रं?"

"शाळंत. आमी कोंबड्या फोडल्या. म्या एकट्यानं सात."

"काय?"

"बाईनी गुळात शिजवल्या. लई ग्वाड, आजे!"

ठकुबाई पाटलांना घेऊनच देवळात आली. पोरं अजून घुटमळत होती.

"माजी कोंबडी चोरली ती चोरली," ती कडाडली, "देवाच्या दारात कापली, अन् वर गुळात घातली! गुळात कुनी घालतं का गं कोंबडी?"

पाटलांचा चेहरा दगडासारखा. "बाई, म्या काय बोललो व्हतो?"

मी उठलोच. "पाटील, पुरावा काय? गरिबाच्या शाळेवर—"

"दादा, तुमच्या भाषणानं कोंबडी यायची न्हाई," चंद्राबाईंनी मला खाली बसवलं. द्रोणात उरलेलं एक करवंद उचललं आणि ठकुबाईसमोर धरलं. "आजी, कोंबडा का कोंबडी?"

"कोंबडा!" ठकुबाईच्या तोंडून निघून गेलं. साठ वर्षांची सवय. आणि हात तरी कुठं थांबतो? तिनं चावलं, आणि आत बघितलं. लाल.

मग गेनूच्या हाताकडं बघितलं. मग पातेल्याकडं.

आधी हसले ते पाटील. पोट धरून पायरीवरच बसले. "ठके, तुझी कोंबडी म्या आत्ता येताना बघितली गं! गवताच्या गंजीखाली अंड्यांवर खुडूक बसलीया! मला वाटलं, दुसऱ्या कुनाची."

"मग तवाच सांगाया काय झालं व्हतं?" ती त्यांच्यावरच उखडली. चूक कबूल करणाऱ्यातली ती नव्हे. पळीनं पातेल्यातलं चाटून म्हणाली, "गूळ कमी हाय."

"बाई, जागा ऱ्हाऊ द्या," पाटील द्रोण पुढं करत म्हणाले. "पर आम्हास्नी बी वाढा."

सकाळी ठकुबाई परत आली. एका हातात गुळाचा खडा, दुसऱ्या हातात नात फुला. पोरीला शाळा कशाला, म्हणून वर्षभर जिला तिनं घरी डांबलं होतं, तीच.

"हिलाबी घ्या," ती म्हणाली. "तुमचं ढवळनं काय खरं न्हाई. ही नीट ढवळंल."

चंद्राबाईंनी पाटी पुसली. "ये फुला. आधी सांग, कोंबडे किती?"