धुतलेलं जंगल

साताऱ्यातल्या एका जुन्या पत्रकारांच्या गळ्यात बातमी मारायची तर एक नियम होता. कागद द्यायचा नाही, मोबाईलवर काही पाठवायचं नाही. कचेरीखालच्या टपरीवर दोन चहा सांगायचे आणि त्यांचा चहा संपायच्या आत काय ते तोंडी सांगायचं. कप खाली ठेवला की सुनावणी संपली. आणि हा माणूस उकळता चहा चार घोटांत संपवायचा.

कला आणि माणसं यांचं रविवारचं पान ते कैक वर्षं एकहाती काढत होते. मी हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. घरात सगळ्यांच्या पायात येऊन झाल्यावर मी गावोगावचे कलाकार हुडकायला लागलो आणि ते पत्रकारांपुढं मांडायला लागलो.

माझी खोड एकच. मला सापडलेला प्रत्येक माणूस 'शेवटचा' असायचा. 'या भागातला शेवटचा हलगी बनवणारा' रविवारी छापून आला आणि सोमवारी कडेगावकडून तीन हलगीवाल्यांचे फोन आले. त्यातल्या एकानं थेट विचारलं, "मग आमी काय मेलो व्हय?" पुढं मी ओव्या गाणाऱ्या शेवटच्या आजी आणल्या. त्यांची धाकटी बहीण शेजारच्याच घरात राहत होती आणि जास्त बरं गात होती. पत्रकार म्हणाले, "गड्या, तुझ्याकडं शेवटचे लय झाले. आता एखादा मधला आण."

तसा मला लोणंदला एक मधला सापडला. ऐंशीच्या घरातले बाबा, डोळे अधू झालेले. जत्रेतल्या नाटकांचे पडदे त्यांनी उभ्या जन्मात रंगवले होते. राजवाडा, रस्ता आणि जंगल. राजवाडा उंदरांनी खाल्ला, रस्ता एका मंडळानं नेला तो परत दिला नाही. उरलं होतं जंगल. बाबांनी वृद्ध कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरला होता आणि तो एका जागी अडला होता. कलाकार म्हणून नाव छापून आल्याचं कात्रण जोडा, असं त्यात होतं. बाबांचं नाव कुठंच छापलेलं नव्हतं. पडद्याच्या खालच्या कडेला नाव असायचं ते पडदा देणगी देणाऱ्याचं.

"गुरुजी, येवढं एक कात्रण मिळालं तर बघा," बाबा म्हणाले.

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "ते माझ्याकडं लागलं."

टपरीवर मी 'शेवटचा' हा शब्द दातांखाली दाबून धरला आणि एका दमात सगळं सांगितलं. पत्रकारांचा कप तोंडाशी थांबला. अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"रंग कसले वापरायचे?"

"पुडीचे. पाण्यात सरस उकळून त्यात कालवलेले."

हे मी बोललो. माझ्या तोंडानं, दिवसाढवळ्या. पुढं जे झालं त्यासाठी हे लक्षात ठेवा.

"गुरुवारी येतो," ते म्हणाले. "महिनाअखेरीला पान बंद करताहेत. वर ठरलंय. त्याच्या आत तुझं जंगल घेऊन टाकू."

गुरुवारी मी सकाळीच लोणंदला पोचलो. पाहुणा येणार म्हणून बाबा दाढी करायला बाजारात निघाले होते. देवळामागच्या खोलीतला पडदा आम्ही दोघांनी बाहेर काढून भिंतीवर टांगला आणि ते गेले. मी लांब जाऊन बघितलं. वडाच्या पारंब्या, मधे तळं, तळ्याकाठी एक हरीण मान वळवून उभं. पण सगळ्यावर धुरळा, आणि हरणाच्या पाठीवर कबुतरांनी केलेली घाण. मनात आलं, फोटो निघणार. असं जंगल बरं दिसेल का?

घरात मी स्वतःचा कप कधी विसळलेला नाही. त्या दिवशी मात्र मला स्वच्छतेचं भूत चढलं. बादली भरून आणली, शेजारच्या दुकानातून धुण्याच्या पावडरची पुडी घेतली, फडकं बुडवलं आणि हरणापासून सुरुवात केली. हात फिरवला तसा हिरवा, तपकिरी असा गढूळ ओघळ खाली आला. मला वाटलं, किती हा मळ! आणखी जोरानं घासलं. मळ निघेना म्हणून वरून तांब्यानं पाणी ओतलं. वड निम्मा जमिनीवर आला, तेव्हा कुठं मला कळलं की मी मळ काढत नव्हतो. तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो होतो, चित्रावर पाणी सांडू नका रे.

बाबा आले ते गुळगुळीत दाढी करून, धुवट सदरा घालून. त्यांना लांबचं दिसत नव्हतं. ते पडद्याजवळ गेले आणि नेहमीच्या सवयीनं त्यांनी तळव्यानं कापड चाचपलं. हात उलटा करून डोळ्यांजवळ नेला. पुडीचा रंग हाताला थोडा तरी लागतो. तळवा नुसता ओला होता.

"पाणी लावलंसा?"

"जरा पुसायला गेलो, बाबा."

त्यांनी हात सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "गुरुजी, तुमी चित्रकलाच शिकवत हुता न्हवं?"

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

दुपारच्या गाडीनं पत्रकार आले. त्यांनी पडदा बघितला, बादली बघितली, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता बाबांजवळ जाऊन बसले. तासभर बोलत होते. बाबा हातवारे करून हवेत पारंब्या काढत होते. मी बादलीपाशी उभा.

स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघताना पत्रकार म्हणाले, "आजपर्यंत तू आणलेल्यात ही खरी बातमी. माणसानं जन्मभर रंगवलं आणि त्याच्यावर माया करणाऱ्यानं धुतलं. आहे तसं लिहितो. त्यांचं नाव घालतो, तुझंही घालतो."

"माझं कशाला?"

"मग पडदा धुतला कुणी?"

"पावसानं असं लिहा ना."

"आरं, आज सकाळपर्यंत खोलीत होता पडदा. खोलीत पाऊस पडला व्हय?" ते हसले. मग हसणं थांबलं. "हे बघ, न झालेलं मी कधी छापलं नाही. जाता जाता आता काय छापणार? तू हो म्हटलंस तरच छापतो. उद्या चहाला ये आणि सांग."

माझ्या डोळ्यांपुढं माझे विद्यार्थी आले. त्यातले निम्मे आता मास्तर आहेत. चित्रकलेच्या गुरुजींनी चित्र धुतलं, हे ते वर्गात पोरांना वाचून दाखवणार. मी दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. इतकी वर्षं ज्या माणसाच्या मागं बातम्या घेऊन पळालो, तो एका बातमीसाठी माझ्या मागं आला आणि मी घरात लपून बसलो. महिना संपला. पान बंद झालं. पत्रकार मुलाकडं राहायला गेले, असं टपरीवाल्यानं सांगितलं.

बाबांचा अर्ज कात्रणाच्या जागी अजून मोकळाच आहे. ते दर रविवारी शेजाऱ्याच्या फोनवरून फोन करतात.

"गुरुजी, पेपर बघितला का?"

"बघितला."

"हाय का त्यात?"

"न्हाई अजून."

"बरं. मंग फुडल्या रविवारी आसंल," असं म्हणून ते ठेवतात. पान बंद झालंय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.