बबनची ठरलेली बाटली

बबन गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि त्याच फोनवर, पुढच्याच वाक्यात, तो पिऊन होता हेही कळलं. सांगणारा काही तिथे हजर नव्हता. किकवीजवळ सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने आलेल्या गाडीने बबनच्या स्कूटरला उडवलं. बबन जागीच गेला. माणसं गोळा झाली तेव्हा स्कूटरची डिकी उघडी पडली होती आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली होती. झालं! एवढ्यावर निकाल लागला. उलट्या बाजूने येणारा कोण, त्याच्या तोंडाला कसला वास होता, हे कुणी विचारलं नाही. बाटलीचं सील शाबूत होतं, पंचनाम्यात तसं लिहिलंय, पण पंचनामा वाचतो कोण? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. दीड महिना मी हे ऐकतोय. नसरापूरच्या बाजारात, एसटीत, सलूनमध्ये... माझं डोकं फिरलंय. हा लेख डोकं फिरलेल्या माणसाने लिहिलाय, हे आधीच सांगून टाकतो.

बबन मार्गासनीचा. नसरापुरात त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी भरायची, हे त्याचं काम. मी तिकडच्याच एका हायस्कुलात मुख्याध्यापक होतो. चोवीस वर्षांपूर्वी शाळेच्या विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा तो पहिल्यांदा आला. मोटर उघडली, आत बघितलं आणि भडकलाच. "सर, ही आदी कुनी भरली? त्याला हितं बोलवा. म्या त्याच्या म्होरंच खोलतो समदी." आधीच्या माणसाने हलकी तार घालून शाळेला फसवलं होतं. बबन तार एकाच कंपनीची वापरायचा. ती मिळाली नाही तर गिऱ्हाईक परत पाठवायचा, भर उन्हाळ्यात, शिव्या खाऊन. त्याचं वय माझ्याएवढंच, पण मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला अहोजाहो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता दारूचं सांगतो, कारण तेच सांगायला बसलोय. आमची ओळख मुरल्यावर एका दिवाळीच्या सुट्टीत बबन म्हणाला, "सर, आपून एकदा ठरवून टाकू. जन्मभर एकच प्यायची. पन कुठली, ते डोळं झाकून ठरवायचं." त्याने सहा वेगवेगळ्या व्हिस्कीच्या क्वार्टर आणल्या. शाळेतून खडू मी नेला. सहा स्टीलच्या पेल्यांवर आकडे टाकले, त्याच्या बायकोने, म्हणजे कमलवहिनींनी, आत जाऊन कशात काय ओतलं ते एका कागदावर लिहून ठेवलं. वहिनींना हसू आवरत नव्हतं. आम्ही एकेक घोट घेऊन पाण्याने चूळ भरत होतो, परीक्षेला बसल्यासारखे गंभीर. असं तीन बुधवार चाललं. दर वेळी वहिनी आकडे बदलायच्या. बबनने तिन्ही वेळा एकच दारू निवडली. महाग नाही, अगदी स्वस्तही नाही, दुकानात मधल्या फळीवर असते ती. मी तिन्ही वेळा वेगळी निवडली, आणि बाटल्या समोर आल्यावर सगळ्यात महागडीकडे बोट दाखवून "हीच मला बरी वाटली होती" असं ठोकून दिलं. बबन खदखदून हसला. "सर, तुमी लेबल पिता. दारू तुमी पीतच न्हाई!" शेवटी त्याचीच ठरली. तिचं नाव इथे लिहीत नाही, कंपनीची फुकट जाहिरात नको. आम्ही तिला 'आपली' म्हणायचो.

मला वाटलं, गंमत आहे, महिनाभर चालेल. ती बावीस वर्षं चालली. रविवारी घरी, बुधवारी दुकानामागच्या खोलीत माझ्याबरोबर. दोन पेग, खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजून. श्रावण कडक बंद. नसरापूरच्या दारूच्या दुकानात 'आपली' नसली तर त्या दिवशी बबन चहा प्यायचा. त्याचा भाचा परदेशातून आला, विमानतळावरची भलीमोठी बाटली घेऊन आला. बबनने हातात घेऊन बघितली, "झाक हाय रं" म्हणाला आणि त्याला परत दिली. पोरगं हिरमुसलं. मी नंतर बबनला रागावलो, अरे एक घोट घेतला असतास तर काय बिघडलं असतं? त्यावर बबन जे बोलला ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "सर, माझा बाप कसा ग्येला म्हाईतीय का? मिळंल ती पिऊन. ह्यानं बोलावलं, त्यानं पाजली, जत्रंत, लग्नात, इलेक्शनात. त्याला न्हाई म्हनताच यायचं न्हाई. म्या एक धरलीय ती पिन्यासाठी न्हाई. बाकीच्या समद्यांना न्हाई म्हनायला मोकळा झालो, बघा." आता मला सांगा, हा माणूस बेवडा? ज्याने पिण्याला एवढं घट्ट कुंपण घातलं, तो?

आणि हे 'न्हाई' त्याला महागात पडलं. एका निवडणुकीच्या आधी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची माणसं घरोघर दारूची खोकी पोचवत होती. बबनच्या दारातही एक ठेवलं. बबनने ते खोकं स्कूटरवर लादलं आणि भर दुपारी, लोक बसलेले असताना, पुढाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. "सायेब, ऱ्हाऊ द्या. आमची ठरलेली हाय. तुमची आमाला चढत न्हाई." लोक हसले. पुढारीही हसला, पण लोकांचं ते हसणं त्याने मनात जपून ठेवलं होतं, हे दशक्रियेला कळलं.

आमच्याकडे दहाव्याला नदीच्या घाटावर माईक असतो. पिंड ठेवायचे आणि मग श्रद्धांजलीची भाषणं ऐकायची, ही पद्धतच पडलीय. मेलेल्याला ओळखत नसलेली माणसंसुद्धा तिथे पाच पाच मिनिटं बोलतात. तो पुढारी उठला. पांढरेशुभ्र कपडे, आवाजात कळवळा. "बबनराव कारागीर मोठे, पण व्यसनानं घात केला. गाडीत बाटली, तीसुद्धा कागदात गुंडाळून, लपवून! अरे, चांगल्या कामाला लपवालपवी लागती का? तरुणांनी ह्यातून बोध घ्यावा." खोकी वाटणारा माणूस हे बोलत होता हो! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आणि समोर दीडदोनशे माणसं माना डोलवत होती. बायकांच्या बाजूला कमलवहिनी बसल्या होत्या. आदल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "सर, तुमी बोला उद्या. लोक तुमचं ऐकत्यात. ह्यांच्या नावाला लागलेलं एवढं पुसून टाका. मला बाकी काय नको." मग माईक माझ्याकडे आला.

मी म्हणालो, "बबन कष्टाळू होता. मनमिळाऊ होता. ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो." आणि खाली बसलो.

हो, एवढंच. मूग गिळून बसलो. कारण सांगतो. मी पितो हे लोकांना माहीत नव्हतं, नाही, लोकांना माहीत होऊ नये म्हणून मी बावीस वर्षं झटलो होतो. शाळेत मी व्यसनमुक्तीची शपथ द्यायचो. निवृत्तीनंतरही व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांना हार घालून घ्यायला पुढे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी एकदाही स्वतः दुकानात जाऊन बाटली घेतली नाही. दर वेळी बबनने आणायची. अपघात झाला तो दिवस बुधवारचा होता. दुपारी त्याचा फोन आला. "किकवीत एक मोटर जोडून येतो. सातला या सर, घ्येतलीय." ती बाटली आमच्या दोघांची होती. तिथल्या तिथे माईकवर एवढं एक वाक्य बोललो असतो तर त्या पांढऱ्या कपड्यांचं तोंड बंद झालं असतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा करून मान दुसरीकडे फिरवली. पुढाऱ्यावर मी चिडलोय, गाववाल्यांवर चिडलोय, पण ती मान फिरलेली आठवली की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या बुधवारी मी नसरापूरच्या त्या दारूच्या दुकानात गेलो. भर दिवसा, पायी. काउंटरवर माझाच जुना विद्यार्थी. मला बघून तो गडबडला, उठून उभाच राहिला. मी 'आपली'चं नाव घेतलं, चारचौघांना ऐकू जाईल असं. त्याने बाटली काढली आणि सवयीने जुना पेपर ओढून गुंडाळायला लागला. मी विचारलं, "गुंडाळतोस कशाला?" तर म्हणाला, "बबनअण्णांनी लावलेली सवय, सर. रविवारी अण्णा उघडी न्यायचे, हातात धरून, बाजारातनं. पण बुधवारी म्हणायचे, नीट गुंडाळ. मी एकदा विचारलं, बुधवारी काय येगळं? तर म्हणले, आज दुसऱ्याची अब्रू हाय संगं."

मी तिथल्या बाकावर बसलो. ज्या कागदावरून माझा मित्र चोरून पिणारा ठरला, तो कागद माझ्यासाठी होता... माझ्या हारतुऱ्यांसाठी, माझ्या शपथांसाठी. आणि तो लेकाचा, बावीस वर्षांत एकदाही मला बोलला नाही! बोलला असता तर मी काय केलं असतं? खरं सांगतो, काहीच केलं नसतं. "बरं झालं" म्हणालो असतो.

हा लेख मी घरी बसून लिहिला आणि पाठवण्याआधी मार्गासनीला जाऊन कमलवहिनींना वाचून दाखवला. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. पेल्यांवरच्या आकड्यांपाशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी सगळं त्यांनी कोरड्या डोळ्यांनी ऐकलं.

वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं. "खाली तुमचं नाव यील ना, सर? पुरं?"

"येईल. पूर्ण नाव, शाळेच्या नावासकट."

"मग द्या छापायला," म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. मी थोडा वेळ बसून राहिलो. आतून भांड्याचा आवाज आला नाही, स्टोव्हचा नाही. बावीस वर्षांत त्या घरातून मी पहिल्यांदाच बिनचहाचा उठलो.